चार्ज कोणाकडे? एका मंडळीच्या रुग्णसेवेचे प्रकरण

ख्रिस्ती सेवेतील अहंभावाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा व्यासपीठावरचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून बोलतो. वक्ता, गायक, कमिटीचा अध्यक्ष, ज्याचे नाव पत्रिकेत ठळक छापले जाते तो. या प्रकरणात व्यासपीठ नाही. यातील व्यक्तीने आयुष्यात कधी उपदेश केला नाही, कधी निवडणूक लढवली नाही, मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, पैशातून स्वतःसाठी चहासुद्धा घेतला नाही. तरीही त्यांच्या सेवेत ‘मी’ इतका मोठा झाला की सेवा एका गुरुवारी थांबली आणि त्याची झळ एका गरीब कुटुंबाला बसली. संबंधितांच्या संमतीने हे लिहीत आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) होऊ पाहणाऱ्यांपुढे आणि मंडळीच्या कारभारात असलेल्यांपुढे हे प्रकरण ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण अशी माणसे जवळजवळ प्रत्येक मंडळीत असतात आणि मंडळीचे त्यांच्यावाचून अडते म्हणूनच त्यांच्याशी खरे बोलायला कोणी धजत नाही.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावची ही मंडळी. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले, त्यानंतर आसपासच्या खेड्यापाड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकी ही एक. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यापासून ती त्या संघात आहे. कुटुंबे सव्वाशेच्या आसपास. त्यांत शिक्षक, नर्स, एस.टी.तले कर्मचारी आणि शेतमजूर अधिक. नर्सिंग हा तर मराठी ख्रिस्ती स्त्रियांचा जुना मार्ग आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलसारख्या संस्थांतून मुलींच्या कितीतरी पिढ्या हे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या आणि सरकारी दवाखान्यांतून राबल्या.

ज्यांना गावात सगळे आक्का म्हणतात त्या अशाच एका मिशन हॉस्पिटलात शिकल्या, पुढे सरकारी नोकरीत गेल्या आणि वॉर्डच्या सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाल्या. यजमान आधीच वारले होते, मुलगा पुण्याला होता. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच त्यांनी गावच्या उपजिल्हा रुग्णालयात गुरुवारी आणि रविवारी दुपारी जायला सुरुवात केली. रुग्णाला दवाखान्यातून जेवण मिळते. पण वाडीवस्तीवरून त्याच्यासोबत आलेली आई, सून किंवा म्हातारा बाप दोन-दोन दिवस वडापाववर काढतो, हे त्यांनी नोकरीत असताना पाहिलेले होते. म्हणून पिठले-भाकरी किंवा मुगाची खिचडी, थर्मासमध्ये चहा, लागेल त्याला साबण-चादर, आणि रुग्णाला मोठ्या दवाखान्यात पाठवले तर सोबतच्या माणसाला परतीचे भाडे, अशी ही सेवा आकाराला आली. भाकरीसाठी महिला मंडळात पाळी लावली गेली. हंगामाच्या सणाला जे धान्य अर्पण म्हणून येई त्यातले काही लिलावात न काढता या कामासाठी बाजूला ठेवू लागले.

आक्कांनी सुरुवातीलाच एक नियम घालून दिला होता आणि तो आजही पाळला जातो, हे आवर्जून सांगितले पाहिजे. दवाखान्यात पत्रके वाटायची नाहीत, कोणाची जात-धर्म विचारायची नाही आणि रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने स्वतः म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. वैद्यकीय अधीक्षक बदलत गेले, पण या नियमामुळे प्रत्येकाने परवानगी चालू ठेवली. पुढे जे घडले त्याची कारणे शोधताना ही बाजू विसरली, तर आक्कांवर अन्याय होईल.

हळूहळू सर्व काही आक्कांच्या हाती एकवटले. वेस्ट्रीला, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या तयारीच्या खोलीला, लागून असलेल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात डबे, थर्मास आणि चादरी असत. त्याची एकुलती एक चावी आक्कांच्या बटव्यात असे. रुग्णांची नोंदवही त्याच लिहीत. तिच्यात तारीख, वॉर्ड, खाट, गाव, नातेवाइकाचा नंबर, काय दिले आणि काय देण्याचे कबूल केले हे सगळे असे, पण नर्सेसच्या तोडक्या संक्षेपांत आणि अशा अक्षरात की दुसऱ्या कोणाला ओळ लागू नये. केसपेपरच्या खिडकीशेजारी चिकटवलेल्या कागदावर त्यांचाच मोबाइल नंबर होता. देणगीदार बहुतेक त्यांच्या जुन्या सहकारी सिस्टर्स. त्या पैसे थेट आक्कांच्या हाती देत. आक्का पैन्‌पै खर्च करीत, पण पावती फाडली जात नसे.

प्रश्न कसा उभा राहिला

एका पावसाळ्यात आक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे गेल्या. चारसहा दिवसांत येऊ असे त्यांना वाटले होते. डोळ्यात जंतुसंसर्ग झाल्याने मुक्काम लांबला. जाताना त्यांनी कोणालाच काही सांगितले नव्हते. गुरुवारी महिला भाकऱ्या घेऊन वेस्ट्रीपाशी आल्या तर कपाट बंद. भांडी नाहीत, कोणत्या वॉर्डात किती लागतात हे ठाऊक नाही, आक्कांचा फोन बंद. भाकऱ्या घरोघर परत गेल्या. पुढच्या गुरुवारी कोणी आलेच नाही.

याच काळात एका पाड्यावरची बाई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात होती. मुलाला जिल्हा रुग्णालयात हलवायचे ठरले तर परत येण्याचे भाडे आणि तिकडच्या दोन दिवसांचा खर्च देऊ, असे आक्कांनी तिला सांगून ठेवले होते. मुलाला हलवले. १०८ ची गाडी फुकट घेऊन गेली. पण मुलगा बरा झाल्यावर परतण्यासाठी त्या बाईकडे पैसे नव्हते. तिने गावातल्या माणसाकडून व्याजाने पैसे मागवले. ही गोष्ट वॉर्डातल्या एका सिस्टरने पाळकांना सांगितली तेव्हा मंडळीला कळली. कबुलीची नोंद वहीत होती. वही कपाटात होती.

आक्का परतल्यावर महिला मंडळाच्या सभेत हा विषय निघाला. त्या म्हणाल्या, “मी नसले तर एक दिवससुद्धा चालत नाही, बघा.” तेथे हजर असलेल्या तिघींनी मला हे वाक्य स्वतंत्रपणे सांगितले आणि तिघींनीही एकच गोष्ट नमूद केली, की त्या बोलण्यात दुःख होते आणि समाधानही होते. मला वाटते, या प्रकरणाचा खरा आरंभ येथे आहे. सेवा बुडाली याचे वाईट वाटणे आणि आपल्यावाचून ती बुडाली याचे बरे वाटणे ही दोन्ही एकाच हृदयात, एकाच क्षणी राहू शकतात, आणि पहिले खरे असते म्हणून दुसरे दिसत नाही.

मागे वळून पाहिल्यावर खुणा जुन्याच होत्या असे लक्षात आले. तरुण संघातून आधी तिघेजण मदतीला आले होते आणि तिघेही गळाले होते. त्यांतल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने पाळकांना सांगितले, “आम्ही फक्त डबे उचलायचे. कोणाशी बोललं की आक्का म्हणायच्या, तू राहू दे, मी बघते.” हे ‘मी बघते’ आक्का वाईट हेतूने म्हणत नव्हत्या. रुग्णाच्या नातेवाइकाशी कसे बोलावे हे त्यांना खरोखर अधिक चांगले येत होते. सेवेतला अहंभाव बहुतेक वेळा या रूपाने येतो: आपले काम खरेच चांगले असते, दुसऱ्याचे खरेच कच्चे असते, म्हणून दुसऱ्याला कच्चे काम करण्याची संधी कधी मिळतच नाही.

यात मंडळीचा वाटाही मोठा होता. वार्षिक सभेच्या अहवालात या कामाचा उल्लेख ‘आक्कांची सेवा’ असा होत असे. एका वर्धापनदिनाला त्यांचा फोटो असलेला फलक लावून शाल देण्यात आली होती. सव्वाशे कुटुंबांना आपल्या वतीने कोणीतरी दवाखान्यात जाते याचे समाधान मिळत होते आणि त्याची किंमत म्हणून ती कुटुंबे आक्कांना मान देत होती.

समोर आलेले पर्याय

पाळक बदलीवर येऊन वर्षही झाले नव्हते. त्यांनी कमिटीची बैठक बोलावली. तेथील चर्चा मी इतिवृत्तावरून आणि हजर असलेल्यांशी बोलून लिहीत आहे.

सेक्रेटरींचे म्हणणे सोपे होते: दुसरी चावी करून पाळकांच्या घरी ठेवावी आणि विषय संपवावा. आक्कांचे मन दुखवू नये. या सूचनेला बहुतेकांचा कल होता. तिच्यात त्रुटी अशी की चावीने कपाट उघडले असते. वही वाचता आली नसती, नंबर आक्कांचाच राहिला असता आणि नव्या माणसाला वॉर्डात कोणी ओळखले नसते.

खजिनदारांनी वेगळा मुद्दा काढला. देणग्या मंडळीच्या नावाने गोळा होतात, म्हणून त्या मंडळीच्या खात्यातून गेल्या पाहिजेत आणि पावती दिली पाहिजे. मुद्दा निर्विवाद योग्य होता. पण त्याच बैठकीत तो आल्यामुळे एका सभासदाने विचारले, “म्हणजे आक्कांनी पैसे खाल्ले असं म्हणायचंय का तुम्हाला?” आणि बैठक तापली. पाळकांनी हिशोबाचा विषय पुढे ढकलला. या निर्णयाकडे मी नंतर परत येईन.

तिसरी सूचना अशी की वयाचे कारण सांगून आक्कांना सन्मानाने निवृत्त करावे, ‘मार्गदर्शक’ असे पद द्यावे आणि नवी समिती नेमावी. ही सूचना करणाऱ्या वृद्ध सभासदांचा हेतू चांगला होता. पण पाळकांनी विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: आक्कांना मानाचीच सवय लागली असेल, तर आणखी मानाचे पद देऊन आपण त्यांचे भले करतो की वाईट? शिवाय काम काढून घेऊन पद दिले म्हणजे ज्याच्यावर त्यांचा खरा जीव होता ते गेले आणि ज्याचा मोह होता ते राहिले, असे झाले असते.

एका निवृत्त शिक्षिकेने केडगावच्या मुक्ती मिशनचे उदाहरण दिले. पंडिता रमाबाईंनी ज्या मुलीकडे वारस म्हणून पाहिले त्या मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या आणि १९२२ मध्ये स्वतः रमाबाई गेल्या. तरी ते काम बंद पडले नाही, कारण जबाबदाऱ्या वाहणारी इतर माणसे तेथे होती. “रमाबाईंपेक्षा मोठं आपल्यात कोण आहे?” एवढेच त्या म्हणाल्या. अखेर ठरले ते असे: आक्कांना काढायचे नाही, पण काम टप्प्याटप्प्याने अनेकांच्या हाती जाईल असे करायचे, आणि हे आक्कांशी बोलून, त्यांच्या पाठीमागे नव्हे.

काय केले

पहिले पाऊल चुकले. बैठकीनंतरच्या रविवारी पाळकांनी बायबलातील फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर उपदेश केला. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले हा विषय, आणि उदाहरण सेवेत ‘माझे माझे’ करणाऱ्यांचे. मंडळीतल्या निम्म्या माना आक्का बसल्या होत्या त्या बाकाकडे वळल्या. त्या प्रभुभोजन घेण्याआधीच उठून गेल्या. दोन दिवसांनी पाळक भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा दिला, चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “घ्या, साहेब. उद्यापासून मी येणार नाही.” पाळकांनी चावी घेतली नाही. त्यांनी ती घेतली असती तर चावी मिळाली असती आणि बाई गेली असती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो कोणत्याही योजनेत नव्हता.

आठवड्याभराने पाळकीणबाई एकट्या गेल्या. त्या दिवशी आक्कांची भाकरीची तयारी चालली होती, म्हणून पाळकीणबाईही पीठ मळायला बसल्या. त्यांनी वचन वाचून दाखवले नाही, समजूत घातली नाही. बोलता बोलता विचारले, “आक्का, वही दुसऱ्या कोणी लिहिली तर तुम्हाला कसली भीती वाटते?” आक्का बराच वेळ तव्यावरच्या भाकरीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “वही दिली तर मला कोण विचारील, बाई? तीस वर्षं सिस्टर सिस्टर म्हणून हाका ऐकल्या. रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही.”

हे उत्तर मिळेपर्यंत सर्वांनी हा प्रश्न गर्वाचा मानला होता. तो गर्वाचा होताच. पण त्याच्या मुळाशी नोकरीबरोबर गेलेली ओळख होती आणि रिकाम्या घराची धास्ती होती. सेवेने ती पोकळी भरली. एखाद्याचा अहंभाव कशावर उभा आहे हे न पाहता त्याला लीन हो म्हणणे म्हणजे तो आधार काढून घेणे, आणि त्याच्या जागी काय ठेवायचे याचा विचारही न करणे.

पाळकीणबाईंनी मग साधी चौकशी केली की वॉर्डात ड्यूटी बदलताना काय काय सांगावे लागते. आक्का खुलल्या. कोणती खाट, कोणते सलाइन किती वाजता संपणार, कोणाचा रिपोर्ट यायचा, कोण रात्री घाबरते, हे सगळे पुढच्या सिस्टरला प्रत्यक्ष खाटेपाशी नेऊन सांगायचे. चार्ज न देता निघून गेलेल्या सिस्टरला त्या कधी क्षमा करीत नसत. “कितीही उशीर होऊ दे, चार्ज दिल्याशिवाय मी वॉर्ड सोडला नाही कधी,” असे बोलून त्या थांबल्या. पुण्याला जाताना आपण काय केले हे त्यांच्या त्यांनाच उमगले. पाळकीणबाईंनी त्यावर एक शब्दही पुढे जोडला नाही.

तेथून काम ‘चार्ज देणे’ याच नावाने पुढे गेले. आधी दुसरी चावी झाली. मग वही. प्रयोगशाळेत काम करणारी एक तरुणी आणि प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका दर मंगळवारी संध्याकाळी आक्कांकडे बसू लागल्या आणि जुनी वही सरळ मराठीत नव्या वहीत उतरू लागली. ‘कबूल केलेले’ असा स्वतंत्र रकाना आखला गेला आणि त्यापुढे ‘कोण पुरे करणार’ असा दुसरा. त्यानंतर आक्का त्या दोघींना घेऊन वॉर्डावॉर्डांत गेल्या आणि तिथल्या सिस्टर्सना म्हणाल्या, “आता या येतील. मला नाही, यांना सांगा.” मंडळीच्या नावे नवे सिम घेऊन केसपेपरच्या खिडकीजवळचा कागद बदलण्यात आला. डबे उचलण्यापूर्वी वेस्ट्रीत होणारी प्रार्थना आक्काच करीत असत; तीही पाळीवर गेली. यांत सर्वांत अवघड काय गेले असे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले: फोन नंबर.

सगळे सुरळीत झाले नाही. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी आक्कांनी स्त्रियांच्या वॉर्डात सर्वांदेखत त्या तरुणीच्या हातून थर्मास काढून घेतला, कारण ती मधुमेही बाईला साखरेचा चहा देत होती. मुद्दा आक्कांचा बरोबर होता. तरुणी रडत बाहेर आली आणि मी पुन्हा येणार नाही म्हणाली. कमिटीत दोन मते पडली: तरुणीने सोसावे, किंवा आक्कांनी येणे थांबवावे. पाळकांनी दोघींना समोरासमोर बसवले. तेथे आक्कांनी स्वतःच सुचवले की भस्मबुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, त्या दवाखान्यात पाऊल टाकणार नाहीत. इतर बायकांसारखी भाकरीची पाळी घेतील आणि भाकऱ्या वेस्ट्रीत ठेवून घरी जातील. त्या म्हणाल्या, “मी तिथं असले की माझा हात पुढं जाणारच. मी नसणंच बरं.” स्वतःविषयी इतके नेमके बोलता येणे ही माझ्या दृष्टीने कृपा आहे. आपण नम्र होऊ असे वचन त्यांनी दिले नाही. आपला हात कोठे पुढे जातो हे त्यांनी ओळखले आणि त्या जागेपासून स्वतःला दूर ठेवले.

त्याच उपवासकाळात पाळकांनी कमिटीबरोबर बायबलातील गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाचा अभ्यास केला. मोशेचा भार वाहायला निवडलेल्या सत्तर वडिलांवर देवाचा आत्मा उतरतो. एल्दाद आणि मेदाद हे दोघे मात्र मंडपाकडे न जाता छावणीतच असतात आणि तेथेच संदेश सांगू लागतात. मोशेचा सेवक यहोशवा म्हणतो, यांना मना करा. मोशे त्याला विचारतो, माझ्यासाठी तू त्यांचा हेवा करतोस काय? परमेश्वराची सगळीच प्रजा संदेष्टे झाली तर किती बरे. पाळकांनी दाखवून दिले की येथे मोशेचे मोठेपण जपू पाहणारा स्वतः मोशे नाही, त्याचा निष्ठावान सेवक आहे. हा अभ्यास आक्कांपुढे झाला नाही. ज्यांनी फलक लावला होता त्यांच्यापुढे झाला. पुढच्या वार्षिक अहवालात ‘मंडळीची रुग्णसेवा’ असे शब्द आले. दोन ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला की आक्कांचा मान काढून घेतला, आणि त्यांतले एक अजूनही नाराज आहेत.

देणगीदारांची गोष्ट अशीच. जुन्या सिस्टर्सपैकी काहींनी कळवले, तुम्ही असाल तरच पैसे देऊ. असे ऐकून कोणालाही बरे वाटले असते. आक्कांनी प्रत्येकीला फोन करून नव्या खात्याचा नंबर दिला आणि सांगितले की पैसे मला देत होतात हे तुमचे आणि माझे दोघींचे चुकत होते. एकीने देणे बंद केले, बाकीच्यांनी चालू ठेवले.

परिणाम

गुरुवारची सेवा चालू आहे आणि त्यानंतर एकदाही बुडालेली नाही. रविवारची बंद पडली. तेवढी माणसे मिळाली नाहीत आणि एकटीने दोन्ही दिवस ओढणारे आता कोणी नाही. खिचडी कधी पातळ होते. एखादा वॉर्ड राहून जातो. नातेवाइकांशी दोन शब्द बोलून त्यांची खरी अडचण काढून घेण्याचे जे कसब आक्कांत होते ते नव्या गटात अजून आलेले नाही, आणि हे नुकसान खरे आहे. ते लपवून हस्तांतर यशस्वी झाले असे म्हणणे मला पटत नाही. दुसरीकडे, वही कोणालाही वाचता येते, कबूल केलेले राहून गेले नाही, आणि आजवर ‘बायकांचे काम’ म्हणून लांब राहिलेले दोन पुरुष आता डबे पोहोचवण्यासाठी येतात. पाड्यावरच्या त्या बाईला मंडळीने भाडे आणि व्याजाची रक्कम पोहोचवली. पाळक आणि आक्का दोघे मिळून गेले होते.

आक्का महिन्यातून एका गुरुवारी पाळीप्रमाणे दवाखान्यात जातात आणि गटप्रमुख सांगेल त्या वॉर्डात वाढतात. त्या सुखी झाल्या आहेत असे मी म्हणणार नाही. “अजून गुरुवारी दुपार झाली की पाय तिकडं वळतात,” असे त्या म्हणाल्या, “आणि नवीन पोरींचं काही चुकलं की आतून बरं वाटतं. मग प्रार्थना करते.” मंगळवारचे बसणे मात्र वही संपल्यावरही थांबले नाही. त्या दोघी अजून त्यांच्याकडे जातात, आणि आता कामासाठी जात नाहीत.

वेगळे काय करता आले असते

पहिला मदतनीस गळाला तेव्हाच त्याला कोणी विचारायला हवे होते. माणसे सेवा सोडून जातात तेव्हा त्यांची कारणे मंडळीत कोणीही विचारत नाही. आवड राहिली नसेल असे धरून चालतो. तिघांना विचारले असते तर एक मूल परतीच्या भाड्यावाचून अडकले नसते.

उपदेशाविषयी पाळकांचे स्वतःचे मत आता स्पष्ट आहे: एका माणसाशी जे बोलायचे ते वेदीवरून बोलू नये. वचन खरे होते, पण ते ज्या रीतीने आले त्यामुळे आक्कांना ते ऐकूच आले नाही. त्यांना ऐकू आल्या त्या वळलेल्या माना.

हिशोबाच्या बाबतीत माझे मत कमिटीपेक्षा वेगळे आहे. पाळकांनी तो विषय आक्कांना जपण्यासाठी पुढे ढकलला, पण त्यामुळे तो शेवटी पुन्हा आक्कांच्याच नावाने समोर आला. मंडळीतल्या प्रत्येक उपक्रमाला, म्हणजे तरुण संघ, शब्बाथशाळा, भजनी मंडळ, महिला मंडळ या सर्वांना एकाच दिवसापासून पावतीचा नियम लावला असता, तर तो कोणावरचा आरोप ठरला नसता. प्रामाणिक माणसाला नियमाचे संरक्षण मिळाले पाहिजे. त्याच्या प्रामाणिकपणावर सगळा भार टाकणे हाही त्याला नको तितके मोठे करण्याचाच प्रकार आहे.

आणि एक गोष्ट कोणत्याही इतिवृत्तात नाही. आक्का डोळ्याच्या दुखण्याने पुण्यात अंथरुणावर होत्या तेव्हा मंडळीतून त्यांना भेटायला कोणी गेले नाही. त्या कोठे आहेत हे पहिल्या आठवड्यात ठाऊक नव्हते हे खरे, पण नंतर ठाऊक झाले होते. मी कारण विचारले तर जवळजवळ सारखीच उत्तरे आली: आक्कांना काय लागणार? जी बाई सर्वांच्या आजारात जाते तिला आजारात कोणी लागते, ही कल्पनाच कोणाला शिवली नव्हती. आक्कांनी स्वतःला मोठे केले आणि मंडळीने त्यांना मोठे केले, त्यात दोन्ही बाजूंनी हेच हरवले. भेटीसाठी जाणारी माणसे तेव्हाच निघाली असती, तर पुढचे पुष्कळसे बोलणे पुण्यातच, सहज, कोणाला न दुखवता झाले असते असे मला वाटते.

कमिटीने आता ठराव केला आहे की रुग्णसेवेचा चार्ज दरवर्षी हंगामाच्या सणानंतरच्या आठवड्यात बदलेल आणि तीच व्यक्ती लागोपाठ दुसऱ्या वर्षी प्रमुख राहणार नाही. पहिली बदली या वर्षी व्हायची आहे. सध्याच्या प्रमुख, म्हणजे मंगळवारी वही उतरवणारी ती प्रयोगशाळेतली तरुणी, हिने कमिटीला पत्र देऊन आणखी एक वर्ष मागितले आहे. नव्या लोकांना अजून जमत नाही, असे कारण तिने लिहिले आहे. कमिटीने उत्तर देण्यापूर्वी आक्कांना तिच्याशी बोलायला सांगितले आहे.